भांड्याची घाई नाही

मित्रांनो, मी एक जुने मातीचे भांडे आहे. ओव्हनमध्ये ठेवायचे, दोन कानांचे. एकेकाळी मला झाकणही होते. सध्या माझा मुक्काम कर्स्टी हॉलम नावाच्या बाईच्या मागच्या दाराबाहेर आहे आणि माझ्यात कुत्र्याचे पाणी असते. कुत्र्याचे नाव मफिन. इथे ऑस्ट्रेलियात जून-जुलैच्या थंडीत माझ्यातले पाणी गोठते, तेव्हा तो बर्फाला जीभ लावून पाहतो, सगळा दोष माझाच असल्यासारखा माझ्याकडे बघतो आणि निघून जातो. तुम्हाला माझी दया आली असेल तर ती जपून ठेवा. ती पुढे लागणार आहे, आणि माझ्यासाठी नाही.

माझा जन्म बेंडिगोजवळच्या एका कुंभारखान्यात १९६६ साली झाला. मला तुडवले, चाकावर फिरवले, भट्टीत भाजले, आणि मधाच्या रंगाची झिलई घेऊन मी बाहेर आले. कुंभाराने मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "हे मालकिणीच्या मागे राहील." त्याला ते कौतुक वाटले. तेव्हा मलाही तसेच वाटले.

नोरीन पास्क नावाच्या मुलीने मला विकत घेतले. तिच्या मैत्रिणीचे, मर्लचे, क्लेम ट्रेविनशी लग्न ठरले होते. आमच्याकडे लग्नाआधी चर्चमधल्या बायका नवरीला चहाला बोलावतात आणि प्रत्येकजण तिला स्वयंपाकघरातली एकेक वस्तू देते. मर्लने माझ्यावरचा कागद सोडला आणि डोळे मोठे केले.

"बाई गं, केवढं हे! आम्ही दोघंच तर असणार घरात."

"तुम्ही दोघं बशीत जेवा," नोरीन म्हणाली. "हे बाहेर पाठवायला आहे."

आणि मी खरोखरच आयुष्यभर बाहेर राहिले. गावात कोणी आजारी पडले, कोणी बाळंत झाली, कोणाचे माणूस गेले, की संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी त्यांच्या दारात. मर्लला हे कोणी सांगावे लागत नसे. बेकरीत कळायचे, शाळेच्या फाटकाशी कळायचे, कोणाच्या अंगणात दोन दिवस कपडे वाळत राहिले तर त्यावरूनही कळायचे. ती दार वाजवायची, "गरम आहे, कान धरू नका," म्हणत मला टेबलावर ठेवायची, बसायची नाही, आणि जाता जाता म्हणायची, "भांड्याची घाई नाही."

माझ्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर तिने 'ट्रेविन' लिहिले होते. देवाचे नाव ती फारसे काढत नसे. प्रार्थना करायची ती मला ओव्हनमध्ये ठेवल्यावर, तीही लवकर उरकायची, कारण मग कोबी चिरायचा असे.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण म्हाताऱ्या बायकांबद्दल लोक उगाच गोड बोलतात. मर्लला स्वयंपाक बरा येत नसे. तिला एकच पदार्थ जमायचा. कोंबडीचे तुकडे, वर डबाबंद जर्दाळूचा रस, वर कांद्याच्या सुपाची पूड, आणि सव्वा तास ओव्हन. मीठ कायम कमी. १९७१ साली पाद्रींना रक्तदाबाचा त्रास झाला म्हणून तिने मीठ कमी केले, ते पाद्री बदलून गेले तरी वाढवले नाही. शिवाय भांड्याची घाई नाही म्हणणारी ही बाई पंधराव्या दिवशी त्या घराच्या फाटकापाशी रेंगाळू लागायची. "हॅरिस मंडळी माझं भांडं घेऊन थेट मेलबर्नला गेली असती," असे ती नोरीनला वीस वर्षे सांगत होती.

पण मी काय काय पाहिले! बायको गेलेला एक म्हातारा उभ्याउभ्याच, चमच्याने, तीन दिवस माझ्यातून जेवला. एका बाईने ती कोंबडी आपल्या कोंबड्यांना घातली आणि मला घासून, आत लिंबे भरून परत पाठवले. आणि क्लेम गेला त्या आठवड्यात मर्लच्या टेबलावर माझ्यासारखी अकरा भांडी होती, प्रत्येकाच्या बुडाला वेगळे नाव. मर्ल त्यांच्याकडे बघत बसली होती. तिला मूलबाळ नव्हते. त्या दिवशी तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की आपली माणसे आहेत. ही समजूत पुढे तिला महागात पडली.

मग हॉलम आले. कर्स्टी आणि ब्रेट, नवे जोडपे, गोड, उत्साही. ते चर्च बघत फिरत होते. आधी चार बघून झाली होती. आमच्या चर्चमधल्या त्यांच्या तिसऱ्या रविवारी मर्लने त्यांना जेवायला ठेवून घेतले आणि मी टेबलावर असल्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"संगीत जरा ढिलं आहे," ब्रेट म्हणाला, "पण गाडी लावायला जागा मस्त आहे."

"आणि प्रवचन बावीस मिनिटांत संपतं," कर्स्टी म्हणाली. "ते दुसरं होतं ना, तिथे चाळीस. मी घड्याळच लावलं होतं."

नोरीनने काटा खाली ठेवला. "तुम्ही चर्च बघताय की चपला?"

"अहो, पण बघून घ्यायला नको का? आठवड्याचा एक दिवस द्यायचाय आपण."

"बघा, बाळांनो, नीट बघा," मर्ल म्हणाली. "बटाटा घे गं आणखी."

त्यांनी आम्हाला पसंत केले. मर्लला इतका आनंद झाला की तिने त्या आठवड्यात कोंबडीत मीठ जवळजवळ बरोबर घातले.

वर्षभरात कर्स्टीला जुळे झाले, सात आठवडे आधी. मुले काचेच्या पेटीत, ब्रेट कामावर, कर्स्टी सगळा दिवस दवाखान्यात. मर्ल चाळीस दिवस जेवण पोचवत राहिली. एकाच पदार्थाचे चाळीस दिवस, म्हणजे तीही एक शिक्षाच, पण ती दोघे माझ्या तळाला लागलेले खरवडून खायची. एके संध्याकाळी कर्स्टी माझ्या झाकणावर डोके टेकून रडली.

"मर्ल, तुम्ही नसता ना, तर मी मेलेच असते."

ती खोटे बोलत नव्हती. लोक असे बोलतात तेव्हा खरेच बोलतात. ते खरे फार दिवस टिकत नाही, एवढेच.

पुढे जुळ्यांपैकी एकाने माझे झाकण फरशीवर आपटले आणि मला परत नेऊन देणे राहून गेले. कर्स्टीला झाकणाची लाज वाटत होती. मर्ल दोनदा फाटकापर्यंत येऊन गेली, पण तान्ह्या बाळांच्या आईला भांडे कसे मागायचे म्हणून तशीच फिरली. हे तिचे मोठेपण होते. त्याचे फळ मला मिळाले.

त्याच सुमारास महामार्गावर गालिच्यांचे एक गोदाम रिकामे झाले आणि तिथे नवे चर्च आले. गाव त्याला गोदामच म्हणते. तिथे मोठे पडदे, गुबगुबीत खुर्च्या, चांगली कॉफी आणि मुलांसाठी तीन मजली घसरगुंडी आहे. कर्स्टीने ते एका रविवारी बघितले, दुसऱ्या रविवारी बघितले, आणि एका दुपारी नवरा-बायको आमच्या पाद्रींना निरोप लिहायला बसले.

"असं लिही," ब्रेट म्हणाला, "की आम्हाला तिथे आत्मिक पोषण मिळत नाही."

"मर्लला वाईट वाटेल रे."

"मर्लचा काय संबंध? हे आपल्याबद्दल आहे. आपल्या गरजा बदलल्यात."

मी शेजारी ताटाळ्यात पालथे पडले होते. बुडाची चिकटपट्टी वर, त्यावर नाव. त्यांच्यापैकी कोणी वाचले नाही.

त्यांच्या मागोमाग बाकीचे गेले. कोणी घसरगुंडीसाठी, कोणी कॉफीसाठी, कोणी सगळे जातात म्हणून. कोणी भांडून गेले नाही, हे लक्षात घ्या. सगळ्यांनी मर्लच्या गालाला गाल लावून निरोप घेतला. सेहेचाळीस माणसांची अकरा झाली आणि त्या अकरांत मर्ल धरून तिघांनाच काठी लागत नव्हती. नोरीनची नजर अधू झाली, तिने गाडी सोडली. मला एव्हाना मागच्या दाराबाहेर हलवले होते.

मागच्या वर्षी जुलैत मर्ल पडली. चर्चच्या पायरीवर, अकरा माणसांसाठी फुले नेताना. खुब्याचे हाड मोडले. ही बातमी मला जाळीच्या दारातून कळली, कारण नोरीनचा फोन आला तेव्हा कर्स्टीने तो मोठ्या आवाजावर लावून ओट्यावर ठेवला होता आणि ती मुलांचे डबे भरत होती.

"नीट ऐक," नोरीन म्हणाली. "शस्त्रक्रिया झाली. बुधवारी घरी सोडतायत, पण अटीवर. दवाखान्यातली ती बाई म्हणाली, रोज कोणीतरी शिजवलेलं आणून देणारं आणि तोंड दाखवून जाणारं हवं. सरकारी डबा महिन्याने सुरू होईल. तोवर कोणी नसेल तर घर बंद. वृद्धाश्रमात. एक आठवडा बघणार आहेत."

"अरे देवा. बिचारी मर्ल!"

"बिचारी बिचारी करू नकोस. ती हसली त्या बाईला. म्हणाली, माणसं? माझ्याकडे माणसांची काय कमी? आणि धडाधड तीस नावं सांगितली. पहिलं तुझं."

कर्स्टीने लोणी लावायचे थांबवले. "हो, म्हणजे काय. नक्कीच. आमच्याकडे गोदामात यासाठी अख्खी टीम आहे, नोरीन. एकदम व्यवस्थित. मी आत्ताच फॉर्म भरते."

"फॉर्म कसला? तू कोंबडी कर ना."

"अहो, सगळ्यांनी एकाच दिवशी आणलं तर वाया जातं. टीम बघते ते. तुम्ही काळजी करू नका."

मी बाहेर हे ऐकत होते. मला वाटले, बरे झाले. मातीच्या भांड्याला अक्कल किती असणार?

कर्स्टीने खरोखर त्याच मिनिटाला फॉर्म भरला. ती आळशी नाही. फोनवर बोटे चालवत मोठ्याने वाचत होती आणि ब्रेट बूट घालत होता.

"'आपल्या चर्चशी तुमचं नातं.' सदस्य, स्वयंसेवक, की नवीन. मर्ल काय?"

"सदस्य नाही ती."

"स्वयंसेवकही नाही. आणि याच्याशिवाय पुढे जात नाहीये."

"मग नवीन टाक."

तिने नवीन टाकले. मग फोनवर गोदामाच्या गटाला संदेश पाठवला, 'आपली लाडकी मर्ल पडली आहे, प्रार्थना करा, जेवणाचं टीमला कळवलं आहे.' डबे भरून होईपर्यंत एकेचाळीस जणांनी जोडलेले हात पाठवले. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी मी जाऊन आलेले आहे. प्रत्येकाला वाटले की जेवणाचे बघितले जात आहे. नोरीनने आणखी अठरा घरी फोन केले, आणि सगळ्यांनी तिला हेच ऐकवले, की कर्स्टीने टीमला सांगितले आहे, काळजी नसावी. आपल्या अधू डोळ्यांनी मध्ये लुडबुडायची नोरीनला लाज वाटत होती. तिने विश्वास ठेवला. नाहीतर ती चाचपडत का होईना, चालत गेली असती.

मित्रांनो, गोदामाची टीम खरोखर व्यवस्थित आहे. 'नवीन' म्हणून नाव आले की काय करायचे ते ठरलेले आहे, आणि त्यांनी ते केले. शुक्रवारी गुलाबी टी-शर्ट घातलेली एक हसतमुख बाई मर्लच्या दारात गेली. तिने एक पिशवी दिली. पिशवीत एक नवा कप, कपात चार चॉकलेटे, 'तुम्ही आमच्यात आलात याचा आनंद आहे' असे कार्ड, आणि एक कागद, ज्यावर पहिल्या भेटीत चर्च कसे वाटले याबद्दल पाचपैकी तारे द्यायचे होते. ती दोन मिनिटे थांबली. मर्ल कुबडीच्या आधाराने उभी होती, म्हणून बाईने तिला बसायला सांगितले आणि स्वतः निघाली.

बाकी सहा दिवस कोणी आले नाही.

हे मला कसे कळले? नवव्या दिवशी पुन्हा नोरीनचा फोन आला. या वेळी तिचा आवाज अगदी शांत होता आणि ते ऐकून मफिनसुद्धा दारापासून उठून गेला.

"काल दवाखान्यातली ती बाई आली होती बघायला. मी टॅक्सी करून गेले होते, तिथेच होते. तिने विचारलं, लोक येतात का? मर्ल म्हणाली, येतात की, रीघ लागलीय. काय आणतात? तर मर्लने तो कप दाखवला."

"कप?"

"कप. त्या बाईने फ्रीज उघडला, कर्स्टी. अर्धं लिंबू आणि दूध. सात दिवस ती टोस्ट खात होती. कुबडी घेऊन उभं राहून जेवढं जमेल तेवढं. परवा टोस्टही नाही, पाव संपला होता. चॉकलेटं खाल्ली."

"पण मी तर फॉर्म... नोरीन, मी त्याच दिवशी..."

"तू फॉर्म भरलास. मी फोन केले. देवाने काय केलं ते त्याला माहीत," नोरीन म्हणाली. "उद्याच नेतायत तिला. घर विकायला काढणार. भाड्याने देऊन आश्रमाचा खर्च भागत नाही म्हणे. मी तुला कोंबडी कर म्हटलं होतं गं. एक कोंबडी."

फोन बंद झाला. कर्स्टी ओट्याला टेकून रडली, अगदी ढसढसा. तिच्या रडण्यात काही खोट नव्हती. मग तिने मला उचलले, पाणी ओतून टाकले आणि उकळत्या पाण्याने तीनदा घासले.

"ते कुत्र्याचं आहे!" ब्रेट ओरडला.

"ते मर्लचं आहे."

त्या वाक्यासाठी मी तिला बरेच माफ केले असते. रविवारी सकाळी तिने जर्दाळूची कोंबडी केली. चार वर्षांनी माझ्या पोटात ऊब आली आणि वेड्यासारखे मला वाटले की अजून काही बिघडलेले नाही. मग गोदामातली प्रार्थना आटोपून, कॉफी घेऊन, ती मला मांडीवर घेऊन वृद्धाश्रमात गेली. ब्रेट गाडीत मुलांजवळ थांबला.

दारातल्या परिचारिकेने फॉइल उचलून पाहिले. "बाहेरचं शिजवलेलं आत चालत नाही हो. नियम आहे. कोणाला बाधलं तर आमच्यावर येतं."

"एक घास तरी?"

"भांडं दाखवा हवं तर. वाढायचं मात्र नाही."

मर्ल खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. ती निम्मी झाली होती. हात बारीक, डोळे मात्र तेच. तिने मला पाहिले आणि माझ्या कानावरून अंगठा फिरवला.

"मीठ घातलंस का?" तिने विचारले.

"बेताचंच. तुमच्यासारखं." कर्स्टी पुन्हा रडू लागली. "मर्ल, तुम्ही मला फोन का नाही केलात? एक फोन! मी धावत आले असते."

मर्लने थोडा विचार केला. तिला टोमणा मारायचा नव्हता, म्हणूनच पुढचे बोलणे इतके लागले.

"मी कोणाच्या घरी जेवण न्यायला फोनची वाट पाहिली नाही कधी. मला वाटलं, तशीच रीत आहे. रोज पाच वाजता मी केस विंचरून बसायची बघ."

"मला वाटलं टीम बघतेय."

"हो. नोरीन म्हणाली." मर्लने तिच्या हातावर थोपटले. "त्या बाईने एक कागद दिला होता, तारे द्यायचा. मी पाच दिले. पोरगी गोड होती. तिला बोलणी बसायला नकोत."

कर्स्टीने मला पुढे सरकवले. "हे तुमचं भांडं. इतकी वर्षं राहिलं. झाकण फुटलं, त्याचं मी..."

"घेऊन जा, बाळा. मला इथे ओव्हन नाही."

कर्स्टीच्या हातांत मी होते, म्हणून तिच्या तोंडावर नसलेली गोष्ट मला कळली. तिची बोटे सैल पडली. तिला सुटल्यासारखे वाटले. भेटून झाले, रडून झाले, माफी मिळाली, भांडेही परत द्यायचा प्रश्न उरला नाही.

ती कोंबडी त्यांनी घरी जाऊन खाल्ली. ब्रेट म्हणाला, मीठ कमी आहे. मुलांनी ताटात टाकली.

त्याच टेबलावर, माझ्यात अजून रस्सा असताना, कर्स्टी म्हणाली, "गोदामात माणुसकीच नाही रे. नुसती व्यवस्था. मला असं चर्च हवंय जिथे लोक एकमेकांची काळजी घेतात."

"खरंय," ब्रेट म्हणाला. "नदीपलीकडे एक आहे म्हणे. छोटं, घरगुती. मुलांचा वर्ग कसा आहे बघायला हवं."

"आणि प्रवचन किती वेळ चालतं ते."

तेव्हापासून ते पुन्हा चर्च बघत फिरत आहेत. आतापर्यंत तीन झाली. एकातले लोक फारच प्रेमळ होते, पण गाडी लावायला जागा नव्हती. वृद्धाश्रमाकडे कर्स्टी पुन्हा गेलेली नाही. मी पुन्हा दाराबाहेर आहे. मर्लच्या घरात मेलबर्नची माणसे राहायला आली आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंनी शेवटी म्हणायचे असते की आम्हाला जपा. मला नका जपू. मी भाजलेली माती आहे, मला भूक लागत नाही. पण मर्ल अजून जिवंत आहे आणि तिच्यासारखी कोणीतरी तुमच्याही गल्लीत आहे. ती हाक मारणार नाही. तुम्ही विचारलेत तर म्हणेल, रीघ लागली आहे माणसांची. तिच्यासाठी तुम्हाला प्रार्थना करावीशी वाटेल, आणि ती चांगली गोष्ट आहे. जरूर करा. पण नंतर. आधी बटाटे सोला.